सातबारा वाचणारी माणसं आणि टॅक्सचं बिल

‘ज्यांच्या घरी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं असेल त्यांनी पुढच्या मंगळवारी ते घेऊन या,’ असं सरांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी हिशेबाचं काम असेल. ही २०१९ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को बेच्या पूर्वेकडच्या एका गावात राहतो. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात मी दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ राज्यशास्त्राचा वर्ग करत होते. अमेरिकेचं शासन आणि राजकारण, पहिली पायरी. तीस-पस्तीस जणांच्या वर्गात घराचे मालक आम्ही तिघंच निघालो. मी, एक निवृत्तीला आलेला प्लंबर, आणि एक बाई ज्यांचं घर नवऱ्याच्या नावावर होतं.

बिल मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं. टॅक्स बँकेच्या हप्त्यातून आपोआप कापला जायचा. घरी येणारी प्रत फक्त माहितीसाठी, म्हणून ती न फोडताच फाइलमध्ये जायची. पाच वर्षं असंच चाललं होतं. सरांनी तिन्ही बिलं नावं-पत्ते झाकून पडद्यावर लावली आणि एकेक ओळ वाचायला सांगितली. वरची मोठी रक्कम घराच्या सरकारी किमतीच्या एक टक्का. खाली बारीक अक्षरांत रांग लागलेली. शाळांचे रोखे (म्हणजे त्यांनी काढलेलं कर्ज, जे आमच्या करातून फिटतं), बार्ट रेल्वेचे रोखे, बागांचा जिल्हा (इथे एकेका कामासाठीच्या वेगळ्या सरकारी संस्थेलाही जिल्हा म्हणतात), सांडपाणी, डास नियंत्रणाचा वेगळा जिल्हा, आणि मधेच एक ओळ: कम्युनिटी कॉलेजचे रोखे. ज्या खोलीत आम्ही बसलो होतो तिच्या छपराचे पैसे मी पाच वर्षं भरत होते, आणि मला ते ठाऊक नव्हतं.

मग सरांनी माझं आणि प्लंबरकाकांचं बिल शेजारी शेजारी ठेवलं. घरं एकाच गावातली, जवळपास एकाच आकाराची. त्यांचं बिल माझ्या बिलाच्या सातव्या हिश्शाइतकंही नव्हतं. ते घर त्यांच्या आईचं. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ नावाचा प्रस्ताव मंजूर केला आणि घराची करासाठीची किंमत १९७५ च्या पातळीवर नेऊन ठेवली. तेव्हापासून ती वर्षाला फार तर दोन टक्के वाढते. घर विकलं की नव्याने ठरते. आईचं घर मुलाकडे आलं, तेव्हा ती जुनी किंमतही त्याच्याकडे आली. काका बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘हा कायदा नसता तर आईला हे घर केव्हाच विकावं लागलं असतं.’ मागच्या बाकावरची एक मुलगी, जी तीन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते, म्हणाली, ‘आणि या कायद्यामुळेच मला इथे कधी घर घेता येणार नाही.’ दोघंही खरं बोलत होते. सर काहीच बोलले नाहीत. वर्ग तासभर त्यावर भांडत राहिला.

माझे आजोबा सातवी शिकलेले. पण सातबाऱ्याचा उतारा हातात आला की ते चष्मा लावून ओळ न् ओळ वाचायचे. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा चढलाय की उतरलाय, कुणाचं नाव वारसाने लागलं, कुळाची नोंद आहे का, सगळं. तलाठ्याने एक अक्षर चुकवलं तरी त्यांच्या लक्षात यायचं. त्यांची नात कॉमर्सची पदवी घेऊन अमेरिकेत आली, घर घेतलं, आणि त्या घराचं बिल पाच वर्षं वाचलं नाही. कारण इथलं राज्य कसं चालतं हे आपल्याला कळायची गरज आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. ती गरज त्या वर्गाने दाखवून दिली. म्हणून आज मला ठासून म्हणायचंय की कम्युनिटी कॉलेजातला राज्यशास्त्राचा वर्ग ही अमेरिकेतल्या लोकशाहीच्या दृष्टीने अत्यंत मोलाची जागा आहे. तो वर्ग पातळ होऊ देणं, ऑनलाइनच्या नावाखाली उरकून टाकणं, ‘याचा नोकरीला उपयोग काय’ म्हणून बाजूला सारणं ही मोठी चूक आहे. आणि आपण इथली मराठी माणसं त्या चुकीत सामील आहोत.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टींना मान नाही, कम्युनिटी कॉलेजलाही नाही आणि राज्यशास्त्रालाही नाही. गणेशोत्सवाच्या मंडपात कुणाचा मुलगा कम्युनिटी कॉलेजला गेला असं कळलं की आवाज हळू होतात. ‘काही प्रॉब्लेम झाला का?’ त्याने तिथे राज्यशास्त्र घेतलं असेल तर विचारायलाच नको. हा दुहेरी तुच्छभाव आपण गावाकडून सामानाबरोबर आणलेला आहे. तिकडेही बारावीला मार्क कमी पडले की आर्ट्स, आणि आर्ट्समध्ये काहीच सुचलं नाही की राज्यशास्त्र. शाळेत नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला हमखास मार्कांचा तुकडा. पुढे हाच विषय एकदम भाव खातो तो स्पर्धा परीक्षेच्या वेळी. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये रात्री बारापर्यंत मुलं राज्यघटनेची कलमं पाठ करत असतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण साहेब व्हायचं असेल तर घटना वाचायची, नागरिक राहायचं असेल तर नको, ही समजूत आपल्या हाडांत शिरलेली आहे.

कम्युनिटी कॉलेज ही काय चीज आहे हे आधी नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे तिची गल्लत कौशल्य केंद्राशी होते. यूजीसीने भारतात याच नावाची योजना आणली, तिचा भर कौशल्याच्या छोट्या अभ्यासक्रमांवर. अमेरिकेतलं मूळ रोप वेगळं आहे. इलिनॉयमधल्या जोलिएट इथे १९०१ साली पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघालं. विद्यापीठाची पहिली दोन वर्षं गावातच, शाळेच्या आधाराने करता यावीत ही कल्पना. दुसऱ्या महायुद्धानंतर अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली अहवाल दिला आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द देशभर रुळवला. त्या अहवालाच्या नावातच लोकशाही होती: ‘अमेरिकी लोकशाहीसाठी उच्च शिक्षण’. बारावीनंतरची दोन वर्षं सगळ्यांना मोफत असावीत अशी त्याची शिफारस होती. कॅलिफोर्नियाने १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये उतरंड ठरवली. वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, वरचे तेहतीस टक्के राज्य विद्यापीठात, आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं. १९८४ पर्यंत इथे शिकायला फी नव्हती. आज एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर आहे. म्हणजे तीन युनिटचा आमचा वर्ग १३८ डॉलरचा. राज्यात ११६ कॉलेजं आहेत आणि वीसेक लाख विद्यार्थी.

आमच्याच बाजूला, ओकलंडमध्ये, मेरिट कॉलेज आहे. साठच्या दशकात तिथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील ही दोन पोरं भेटली. काळ्या लोकांचा इतिहास अभ्यासक्रमात यावा म्हणून तिथे झालेल्या चळवळीत ती होती. न्यूटनने कायद्याचा अभ्यास केला, आणि पोलिस रस्त्यावर कुणाला अडवत असतील तर आपले हक्क कोणते हे तो कलमासकट सांगायचा. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये या दोघांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. पुढच्या सगळ्या मार्गाशी सहमत असण्याची गरज नाही. पण १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने ‘दलित पँथर’ उभी केली तेव्हा नाव तिथूनच आलं होतं. वरळीच्या चाळींपर्यंत पोचलेल्या त्या नावाचा एक धागा ओकलंडच्या कम्युनिटी कॉलेजाच्या आवारातून निघतो. मी त्या आवारापासून अर्ध्या तासावर इतकी वर्षं राहते आणि हे मला त्या मंगळवारच्या वर्गात कळलं.

आता मुख्य आक्षेपाकडे येते. कॅलिफोर्नियात राज्य विद्यापीठाची पदवी हवी असेल तर अमेरिकेचा इतिहास, संविधान आणि राज्य व स्थानिक शासन यांचा अभ्यास करावाच लागतो. टेक्सासमध्ये तर सरकारी कॉलेजातल्या प्रत्येक पदवीधराला शासनाचे सहा क्रेडिट सक्तीचे आहेत. डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी घरांत मुलं या वर्गाला कंटाळून नावं ठेवतात ते ऐकलंय. लोक विचारतात, नर्स व्हायचंय तिला संविधान कशाला? गरिबाच्या मुलीचा वेळ आणि पैसा का घालवता? हा प्रश्न टिंगलीचा नाही, त्याला उत्तर द्यायला हवं. जिला दिवसाचे आठ तास काम आहे आणि घरी दोन लहान पोरं आहेत, तिच्या संध्याकाळी खरोखरच मोजक्या असतात.

माझ्या पुढच्या बाकावर अशीच एक मुलगी बसायची. दिवसा एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम करायची आणि त्याच निळ्या कपड्यांत थेट वर्गात यायची. पायांतले बूट काढून पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवायची. पहिले पाच आठवडे तिने तोंड उघडलं नाही. मग एक दिवस विषय निघाला कायदा होतो कसा, आणि सरांनी उदाहरण घेतलं नर्सांचं. एका नर्सकडे एका वेळी जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत हे कायद्याने बांधून देणारं कॅलिफोर्निया हे पहिलं राज्य. १९९९ साली विधेयकावर सही झाली, २००४ पासून आकडे लागू झाले. सर्वसाधारण वॉर्डात आधी सहा रुग्णांमागे एक नर्स, मग पाचांमागे एक. सहाचे पाच व्हायच्या वेळी गव्हर्नर श्वार्झनेगर यांच्या प्रशासनाने ते लांबणीवर टाकायचा घाट घातला. नर्सांची संघटना कोर्टात गेली, रस्त्यावर उतरली, आणि २००५ साली निकाल तिच्या बाजूने लागला. (श्वार्झनेगर स्वतः अमेरिकेत नवे असताना सँटा मोनिकाच्या कम्युनिटी कॉलेजात शिकले होते. हे दार किती मोठं आहे बघा.)

ती मुलगी वहीतून मान वर करून म्हणाली, ‘म्हणजे हे पाच कुणीतरी मिळवलेले आहेत?’ तिला वाटत होतं की हॉस्पिटलं असंच ठरवत असतील. पुढची तीस वर्षं जो आकडा तिच्या पाठीचं, झोपेचं आणि तिच्या रुग्णांच्या जिवाचं गणित ठरवणार, तो कुठून आला, कोण तो बदलू शकतं, बदलू नये म्हणून कुठे उभं राहायचं, हे तिला शिकवायचं नाही तर कुणाला शिकवायचं? बड्या विद्यापीठात राज्यशास्त्र घेणारी मुलं बहुतेक वेळा राज्य करणाऱ्यांत जातात. वकील होतात, सल्लागार होतात, आमदारांच्या कचेऱ्यांत बसतात. ज्यांच्यावर राज्य केलं जातं ती माणसं कम्युनिटी कॉलेजात असतात. त्यांना दोन वर्षांत एकदाच, एका सत्रात, पंचेचाळीस-पन्नास तास हे सगळं उघडून दाखवायची संधी मिळते. तीही काढून घ्यायची आणि वर म्हणायचं की तुमचा वेळ वाचवला? तिला वेळ हवाच असेल तर पाळणाघर द्या, बसच्या फेऱ्या वाढवा, फी माफ करा. विषय काढून घेऊ नका.

आपल्या लोकांचं उदाहरण तर मला जास्त लागतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला हे सांगणारं व्हिसा बुलेटिन अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला काढतं आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कालवा सुरू होतो. तारीख पुढे सरकली का? किती आठवडे? मागे तर नाही गेली? मृगाच्या आधी आजोबा आभाळाकडे बघायचे तसे आम्ही त्या तक्त्याकडे बघतो. आभाळाचं ठीक आहे, ते कुणी ठरवत नाही. पण हा तक्ता एका कायद्यातून येतो. १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला १ लाख ४० हजार ठेवली, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली साधारण सात टक्केच मिळतील असं बांधून टाकलं. देश छोटा असो की भारताएवढा, सातच टक्के. माझ्या नवऱ्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २०११ ची. या सात टक्क्यांनी आमच्या नोकऱ्या ठरवल्या, आईच्या आजारपणात मी गावी जावं की नाही हे ठरवलं. पण हा आकडा कुणी, कधी, का घातला हे आमच्या ग्रुपवरच्या एकानेही कधी विचारलं नव्हतं. मीही नाही.

२०१९ च्या जुलैमध्ये ही मर्यादा काढून टाकणारं विधेयक प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. आमच्याकडे पेढे वाटायचे बाकी राहिले होते. सप्टेंबरात वर्गात मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. सर म्हणाले, ‘छान. आता सेनेट.’ आणि फळ्यावर त्यांनी चौकटी काढल्या. समिती, सभागृह, दुसरं सभागृह, तिथली समिती, एका सदस्याची हरकत, दुरुस्ती, पुन्हा पहिलं सभागृह, सही. प्रत्येक चौकटीतून बाहेर जाणारा एक बाण, आणि बाणाच्या टोकाला फुली. ‘विधेयकाचा जीव इथे जातो, किंवा इथे, किंवा इथे.’ मी घरी येऊन ते चित्र नवऱ्याला दाखवलं तेव्हा तो चिडला होता. २०२० च्या डिसेंबरात सेनेटनेही विधेयक मंजूर केलं, पण बदललेल्या स्वरूपात. दोन मसुद्यांचा मेळ बसला नाही, जानेवारीत काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, मुदत संपली, विधेयक संपलं. ग्रुपवर लोक म्हणाले, ‘नशीब.’ मला मात्र फळ्यावरची नेमकी चौकट आठवत होती. नशिबावर राग काढून उपयोग नसतो. चौकट माहीत असली तर पत्र कुणाला लिहायचं ते तरी कळतं, आणि मी त्यानंतर लिहीत आले आहे.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं इंटरनेटवर वाचता येतं. येतं. पण त्या वर्गात घडलेली एक गोष्ट सांगते, ती कुठल्याही व्हिडिओत घडली नसती. सरांनी गृहपाठ दिला होता की कुठल्याही स्थानिक संस्थेच्या एका बैठकीला जा, जमलं तर बोला. नगर परिषद, शाळा मंडळ, पाणी मंडळ, काहीही. एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा वर्ग संपल्यावर टेबलाजवळ घुटमळत राहिला. मी वही भरत होते म्हणून ऐकू आलं. त्याने विचारलं, ‘तिथे कागद मागतील का?’ कुठले कागद हे त्याने सांगितलं नाही, सरांनीही विचारलं नाही. त्यांनी फोनवर कायद्याचं कलम काढून त्याच्यापुढे धरलं. १९५३ चा ब्राउन कायदा. स्थानिक संस्थांच्या बैठका खुल्या, विषयपत्रिका निदान ७२ तास आधी लावलेली, लोकांना बोलायची मुभा, आणि बैठकीला बसायचं असेल तर नाव सांगायचीही सक्ती नाही. मुलाने ते दोनदा वाचलं.

पुढच्या आठवड्यात नगर परिषदेच्या बैठकीला आम्ही चौघं गेलो. ज्या चौकात त्याची आई बसमधून उतरते तिथे पादचाऱ्यांसाठी पट्टे नाहीत, दिवाही नाही. त्याच्या हातातला कागद इतका हलत होता की त्याने तो शेवटी टेबलावर ठेवला आणि तोंडपाठ बोलला. पावणेदोन मिनिटं. परिषदेच्या एका बाईंनी चौकाचं नाव लिहून घेतलं. पट्टे रंगवायला पुढे आठ महिने लागले, आणि ते त्याच्या बोलण्याने झाले की आधीच यादीत होते हे मला सांगता येणार नाही. पण त्या मुलाला मत देता येत नाही, मलाही येत नव्हतं, आणि तरी आम्ही दोघं त्या सभागृहात उभे राहून बोललो. माझ्या माहेरच्या गावात वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीला तेव्हा पाव शतक उलटून गेलं होतं. मी एकाही ग्रामसभेला कधी गेले नव्हते. परत येताना गाडीत मला याचीच लाज वाटत होती.

राज्यशास्त्राचे शिक्षक आपली मतं पोरांच्या गळी उतरवतात, हा आरोप हल्ली जोरात आहे. असे शिक्षक असतीलही. पण त्यावर उपाय चांगला वर्ग हाच आहे. आमचे सर कुणाला मत देतात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. राज्य सरकार प्रत्येक निवडणुकीआधी मतदारांच्या घरी जी पुस्तिका पाठवतं, तिच्यात प्रत्येक प्रस्तावाच्या बाजूचे आणि विरोधातले मुद्दे छापलेले असतात. जुन्या पुस्तिका घेऊन ते आम्हाला आपल्या मताच्या उलट बाजू मांडायला लावायचे. प्लंबरकाकांना प्रपोझिशन १३ च्या विरोधात बोलावं लागलं, आणि ते चांगलं बोलले. एरवी हे दोन गट एकमेकांना भेटतात कुठे? प्रत्येकाचा फोन त्याच्याच मताच्या बातम्या पुरवतो. वीस वर्षांचा आणि साठ वर्षांचा, आफ्रिकी, मेक्सिकन, व्हिएतनामी आणि सातारची मी, अशी माणसं तीन तास एका खोलीत बसून एकाच कागदावर बोलतात, अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

आणि ही जागा आक्रसते आहे. कोविडनंतर संध्याकाळचे वर्ग पुरते परतलेच नाहीत. आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स, दर आठवड्याला एक चाचणी, चर्चेच्या नावाखाली दोन परिच्छेद टाकायचे, आता तेही यंत्राकडून लिहून घेता येतात. ऑनलाइन वर्गांत खोटे विद्यार्थी नावं नोंदवून शिष्यवृत्तीचे पैसे लाटतात, ही कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांची मोठी डोकेदुखी झाली आहे. ऑनलाइन मुळीच नको असं मी म्हणत नाही. रात्रपाळी करणाऱ्याला, घराबाहेर पडता न येणाऱ्याला तोच आधार आहे. पण निवडीला दोन्ही असायला हवेत, आणि एक हळूच गायब होतो आहे.

शिक्षकांचं तर बोलायलाच नको. आमचे सर तीन कॉलेजांत शिकवायचे. इथल्या भाषेत अशांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात, दिवसभर हायवेवर. कायदा असा की अर्धवेळ शिक्षकाला एका जिल्ह्यात पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांहून जास्त तास द्यायचे नाहीत, म्हणून पोट भरायचं तर दोन-तीन ठिकाणी फिरणं आलं. पूर्णवेळ शिक्षकांनी ७५ टक्के अध्यापन करावं हे उद्दिष्ट राज्याने १९८८ सालीच कायद्यात लिहिलं. राज्यभर ते आजही गाठलेलं नाही. सरांना बसायला खोली नव्हती. शंका विचारायच्या असतील तर ते पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर वह्या ठेवून सांगायचे. रात्री दहाला, थंडीत. आपल्याकडे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांची अवस्था ज्यांना माहीत आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. लोकशाही शिकवणाऱ्याला पुढच्या सत्रात काम असेल की नाही याची खात्री नसणं, हे मला फार लागतं.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितलं होतं की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा लाभ जातो वरच्या वर्गाला. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, देश वेगळा, पण टॅक्सच्या बिलाकडे बघताना मला तेच आठवतं. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. कर्मवीर अण्णांनी ‘कमवा आणि शिका’ म्हणत साताऱ्यात कॉलेज उभं केलं. काम करणाऱ्या माणसाच्या वेळेप्रमाणे कॉलेजने आपली वेळ ठरवायची, ही कल्पना आपल्याला अमेरिकेकडून शिकायची नव्हती. ती आपल्या घरातलीच आहे. म्हणून तर इथला संध्याकाळचा वर्ग बंद होताना आपण गप्प बसतो याचं मला जास्त वाईट वाटतं.

माझी मुलगी २००६ साली इथे जन्मली. आमच्या घरात मतदार ती एकटीच. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिची पहिली मतपत्रिका टपालाने आली. जेवणाच्या टेबलावर ती उघडून बसली. वर राष्ट्राध्यक्ष, खाली सेनेट, शेवटी प्रस्ताव, आणि मधेच कुठेतरी कम्युनिटी कॉलेज जिल्ह्याचा ट्रस्टी, म्हणजे कॉलेजचा कारभार बघणाऱ्या मंडळाचा सदस्य. ‘आई, याला कोण ओळखतं? हे रिकामं सोडू?’ मी उठून फाइल काढली आणि तिला बिलातली ती ओळ दाखवली. आम्ही दोन्ही उमेदवारांची माहिती काढून वाचली. त्यात तास गेला. मत कुणाला दिलं हे तिने मला सांगितलं नाही.

या सत्राच्या वेळापत्रकात मंगळवारचा साडेसहाचा वर्ग नाही. नोंदणी कमी झाली म्हणून रद्द, असं उत्तर मिळालं. ट्रस्टी मंडळाची बैठक येत्या गुरुवारी आहे. विषयपत्रिका काल लागली. वर्गांच्या फेररचनेचा विषय सातव्या क्रमांकावर आहे. बोलायला तीन मिनिटं मिळतात. आमच्या ग्रुपवर मी वेळ आणि पत्ता टाकलाय. आतापर्यंत दोघांनी येतो म्हणून कळवलंय, एक नागपूरच्या वहिनी आणि एक कोल्हापूरचे काका. बिलाची प्रत मी पिशवीत घातली आहे, त्या ओळीवर पिवळी खूण करून.